सूर ग्रिडवर आला, मींड मागे राहिली: मिडी इव्हेंट दुरुस्त करण्याविषयी

तुमचा प्रश्न मी असा समजलो. भीमपलासच्या अंगाने जाणाऱ्या एका अभंगासाठी दोन चरणांमधला बासरीचा तुकडा तुम्ही छोट्या कीबोर्डवर वाजवून रीपर या संगीत-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मिडी स्वरूपात, म्हणजे आवाज म्हणून नव्हे तर सूर वाजवण्याच्या सूचना म्हणून, घेतला आहे. पखवाज आणि टाळ तयार लूपमधले आहेत आणि लय मिनिटाला ८० मात्रा अशी पक्की ठरलेली आहे. तुकडा थोडा पुढेमागे वाजला होता, म्हणून तुम्ही तो मात्रेच्या चौथ्या भागाच्या ग्रिडवर पूर्णपणे क्वांटाइझ केला, म्हणजे प्रत्येक सूर जवळच्या ग्रिडरेषेवर नेमका बसवला. त्यानंतर कण (मुख्य सुराआधीचे ओझरते स्पर्शसूर) नाहीसे झाले किंवा त्यांची मुख्य सुराशी 'टक्कर' होऊ लागली, मींडा (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) बेसूर लागू लागल्या, मधूनच प्ले केले तर अख्खी ओळ उतरलेली ऐकू येऊ लागली आणि एक सूर थांबतच नाही. क्वांटाइझ करावे की एकेक सूर हाताने सरकवावा, असे तुम्ही विचारले आहे, आणि शेवटी ही मिडी फाइल दुसऱ्या स्टुडिओला पाठवायची आहे.

माझ्या मते यातला क्वांटाइझविषयीचा प्रश्न दुय्यम आहे. हाताने सरकवले असते तरी यांतल्या बहुतेक तक्रारी तशाच राहिल्या असत्या. आपल्याला बासरीचा जो एक सूर ऐकू येतो, तो मिडीत एका इव्हेंटने, म्हणजे एका सूचनेने, बनत नाही. त्याचा आरंभ, त्याचा शेवट, त्याच्या आधीचा कण, त्याला वाकवणारा पिच बेंडचा वक्र आणि त्याचा श्वास सांभाळणारी एक्स्प्रेशनची रेघ असे अनेक इव्हेंट मिळून तो सूर होतो. तुम्ही दिलेल्या एका आदेशाने त्यांतले काही इव्हेंट हलले, काही जागेवरच राहिले आणि काही एकमेकांवर येऊन बसले. त्यामुळे दुरुस्ती करताना प्रत्येक वेळी एकच गोष्ट पाहावी लागते: मी जो सूर हलवतो आहे, त्याच्याबरोबर आणखी काय हलले पाहिजे?

हे का घडते ते कळण्यासाठी मिडीची रचना थोडक्यात आठवावी लागेल. १९८३ मध्ये हे मानक प्रत्यक्षात आले तेव्हा ते मुख्यतः पट्ट्यांच्या वाद्यांसाठी आखलेले होते. पट्टी दाबली की 'नोट ऑन', सोडली की 'नोट ऑफ', आणि दाबण्याच्या वेगासाठी वेलॉसिटीचा १ ते १२७ मधला एक आकडा. वेलॉसिटी शून्य असलेला नोट ऑन हाही नोट ऑफच मानला जातो. हे झाले सुराचे इव्हेंट. पिच बेंड, सस्टेन पेडल, एक्स्प्रेशन, मॉड्युलेशन हे मात्र सुराचे नसून चॅनेलचे, म्हणजे त्या वाहिनीवरच्या सगळ्या सुरांना एकदम लागू होणारे, इव्हेंट आहेत. त्यांना कोणता सूर आपला आणि कोणता परका हे ठाऊक नसते. शिवाय त्यांचे शेवटचे मूल्य नवे मूल्य येईपर्यंत तसेच राहते. तुमच्या चारपैकी तीन तक्रारींचे मूळ या दोन गुणधर्मांत आहे.

पुढचे सगळे काही गृहीतांवर अवलंबून आहे, म्हणून ती आधीच सांगतो. तुमच्या प्रोजेक्टमध्ये एक मात्रा म्हणजे एक चौथाई नोट आहे आणि रीपरच्या नेहमीच्या मांडणीप्रमाणे एका चौथाईचे ९६० टिक (वेळ मोजण्याचे मिडीतले बारीक भाग) आहेत, असे मी धरतो. ८० च्या लयीत एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची, मात्रेचा चौथा भाग २४० टिकांचा म्हणजे सुमारे १८८ मिलिसेकंदांचा आणि एक टिक सुमारे पाऊण मिलिसेकंदाचा होतो. बासरीचे सॅम्पल, म्हणजे ध्वनिमुद्रित सुरांचा संच किंवा लायब्ररी, कोणते आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि त्याने बराच फरक पडतो. काही लायब्रऱ्यांत एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्याचे लेगॅटो ध्वनिमुद्रित केलेले असते, काहींत फक्त सुटे सूर असतात. पखवाज लूपऐवजी एखाद्या वादकाने मेट्रोनोमशिवाय वाजवलेला असता, तर मी ग्रिडला हातच लावू दिला नसता. आधी पखवाजाच्या समांवरून टेम्पो मॅप, म्हणजे बदलत्या लयीचा नकाशा, करून घ्या, असे सांगितले असते. तुमच्या बाबतीत लय पक्की आहे, त्यामुळे ती पायरी वगळता येते.

आता कामाला लागण्यापूर्वी क्वांटाइझ रद्द करून मूळ रेकॉर्डिंगवर परत जा. ते तुमच्याकडे असेलच असे मी धरतो. नसेल तर तुकडा पुन्हा वाजवून घ्या, कारण पूर्ण क्वांटाइझ केलेल्या फाइलमध्ये मूळ वेळा कुठेच शिल्लक राहत नाहीत. मूळ टेक एका म्यूट केलेल्या ट्रॅकवर जपून ठेवा आणि त्याच्या प्रतीवर काम करा.

प्रत उघडल्यावर सूर ग्रिडच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहेत की सगळे एकाच बाजूला सरकलेले आहेत, हे आधी पाहा. सगळेच सूर साधारण सारख्याच अंतराने उशिरा असतील, तर दोष तुमच्या हातात नसून बहुधा ऐकण्यातल्या विलंबात आहे. ऑडिओ बफर १०२४ सॅम्पलचा आणि सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झ असेल, तर केवळ बफरमुळे सुमारे २३ मिलिसेकंदांचा उशीर होतो; इंटरफेसचा आणि लायब्ररीचा विलंब त्याहून वेगळा. बासरीच्या सॅम्पलमध्ये फुंकर भरायला वेळ लागत असेल, तर सूर ग्रिडवर अगदी नेमका असूनही कानाला मागे पडलेला वाटतो. अशा वेळी सुरांना स्पर्श न करता अख्खा ट्रॅक थोडा आधी वाजवावा. रीपरमध्ये ट्रॅकला मीडिया प्लेबॅक ऑफसेट देता येतो. क्यूबेस, लॉजिक आणि एबलटन लाइव्ह या इतर सॉफ्टवेअरमध्येही ट्रॅक डिलेची सोय आहे. माझ्याकडे येणाऱ्या फाइलींपैकी कित्येकांचे 'ताल सुटण्याचे' दुखणे एवढ्यानेच जाते आणि क्वांटाइझची गरजच उरत नाही.

आता कणांकडे येतो, कारण तुमच्या तुकड्यातली सर्वांत मोठी हानी तिथे झाली आहे. भीमपलासात कोमल गंधार मध्यमाचा कण घेऊन येतो आणि कोमल निषाद षड्जाचा. रागाची ओळख या दोन जागांवर बरीच अवलंबून असते. समजा, तिसऱ्या मात्रेवर कोमल गंधार आहे आणि त्याच्या ६० मिलिसेकंद आधी तुम्ही मध्यमाला स्पर्श केला आहे. म्हणजे हा मध्यम मात्रेच्या ७७ टिक अलीकडे आहे. ग्रिडच्या दोन रेषांमधले अंतर २४० टिकांचे असल्याने १२० टिकांच्या आतला प्रत्येक सूर जवळच्या रेषेकडे ओढला जातो, आणि म्हणून तो मध्यम सरळ मात्रेवर जाऊन बसतो. तिथे गंधार आधीच आहे. आता दोन्ही सूर एकाच टिकवर सुरू होतात. वाद्य पॉलिफोनिक (एका वेळी अनेक सूर वाजवणारे) असेल तर मध्यम आणि कोमल गंधार एकत्र घुमतात आणि तुम्ही लिहिलेली 'टक्कर' ऐकू येते. वाद्य मोनोफोनिक (एका वेळी एकच सूर वाजवणारे) असेल तर यादीत जो सूर नंतर आहे तोच ऐकू येतो आणि दुसरा गिळला जातो. एकाच तुकड्यात कुठे टक्कर तर कुठे कण गायब, असे तुम्हाला आढळले असेल, तर लायब्ररी मोनोफोनिक आणि पॉलिफोनिक अवस्थांमध्ये कीस्विचने (वादनप्रकार बदलणाऱ्या खास पट्टीने) बदलत नाही ना, तेही तपासा.

यावर 'ग्रिड अधिक बारीक करा' हा सल्ला सर्रास दिला जातो, पण मला तो पटत नाही. मात्रेच्या आठव्या भागाचा ग्रिड घेतला की रेषा १२० टिकांवर येतात. मग ७७ टिक अलीकडचा कण मात्रेच्या १२० टिक अलीकडे ढकलला जातो आणि ६० मिलिसेकंदांचा कण सुमारे ९४ मिलिसेकंदांचा होतो. कण लांबला की तो कण राहत नाही, स्वतंत्र सूर होतो, आणि ऐकणाऱ्याला तुम्ही 'म ग' अशी सरळ संगती वाजवल्यासारखी वाटते. कणाची वेळ मात्रेशी बांधलेली नसून पुढच्या सुराशी बांधलेली असते, म्हणून कोणताही ग्रिड कणासाठी योग्य ठरत नाही.

मी करतो ते असे. पियानो रोलमध्ये (सूर आडव्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या खिडकीत) मुख्य सूर आणि कण वेगळे ओळखू यावेत म्हणून कणांना वेगळी वेलॉसिटी देतो आणि रंग वेलॉसिटीप्रमाणे दाखवायला लावतो. त्यानंतर ज्या मुख्य सुराला कण नाही, तोच क्वांटाइझसाठी निवडतो. ज्याला कण आहे त्या सुराच्या बाबतीत कण, मुख्य सूर आणि त्यांच्या खालचा पिच बेंड व एक्स्प्रेशनचा भाग एकत्र निवडून, स्नॅप (ग्रिडला आपोआप चिकटणे) बंद ठेवून, मुख्य सूर हव्या त्या जागी येईपर्यंत सगळा गट सरकवतो. बासरीच्या एका तुकड्यात असे गट थोडेच असतात, त्यामुळे काम वाटते तितके वेळखाऊ नाही. इथे घाई केली तर पुढचे सगळे संपादन व्यर्थ जाते, असे मला मनापासून वाटते.

उरलेल्या मुख्य सुरांसाठी क्वांटाइझ जरूर वापरा, पण पूर्ण ताकदीने नको. रीपरच्या क्वांटाइझ खिडकीत स्ट्रेंग्थची पट्टी आहे. लॉजिकमध्ये क्यू-स्ट्रेंग्थ आणि एबलटन लाइव्हमध्ये अमाउंट या नावाने तीच सोय मिळते. ५० टक्के स्ट्रेंग्थ दिल्यावर ४० टिक मागे असलेला सूर २० टिक मागे येतो, म्हणजे पुढेमागे होण्याचा तुमचा कल शिल्लक राहतो, पण खटकत नाही. क्यूबेसमध्ये आयटरेटिव्ह क्वांटाइझ आहे, ते दर वेळी सुराला रेषेच्या थोडे जवळ नेते आणि हवे तिथे थांबता येते. अभंगाच्या तुकड्यात मी समेवर येणारा सूर जवळजवळ पूर्ण जुळवतो, कारण टाळाचा आघात तिथे असतो आणि बासरी त्याच्यापासून सुटली तर ते सगळ्यांना कळते. दोन समांच्या मधल्या सुरांना अर्ध्याहून अधिक ओढत नाही. ओळीच्या शेवटचा लांब सूर थोडा उशिरा आला असेल आणि तो ऐकायला सुखद असेल, तर त्याला हातही लावत नाही.

भजनी ठेक्याच्या लूपमध्ये स्वतःचा झोल असेल, म्हणजे मात्रांमधले बोल समान अंतरावर नसतील, तर सरळ ग्रिडवर बसवलेली बासरी अचूक असूनही परकी वाटेल. अशा वेळी पखवाजाच्या लूपमधून ग्रूव्ह, म्हणजे बोलांच्या प्रत्यक्ष वेळांचा साचा, काढून तोच क्वांटाइझसाठी ग्रिड म्हणून वापरावा. लाइव्ह, लॉजिक आणि क्यूबेसमध्ये ही सोय मुळातच आहे. रीपरमध्ये एसडब्ल्यूएस या विस्तारातल्या ग्रूव्ह साधनाने ते करता येते.

आता मींड. तुम्ही 'पिच बेंड कितीही नीट काढला तरी मींड चुकीच्या सुरावर जाते' असे लिहिले आहे. याची दोन स्वतंत्र कारणे असू शकतात, आणि बहुधा तुमच्याकडे दोन्ही एकत्र आहेत. पहिले कारण बेंडच्या पल्ल्याचे. पिच बेंडचा आकडा चौदा बिटांचा असतो आणि मधला बिंदू शून्य धरला तर तो −८१९२ ते +८१९१ असा जातो. सॉफ्टवेअर फक्त हा आकडा पाठवते. त्याचा अर्थ किती अर्धस्वर, हे वाद्य ठरवते. बऱ्याच वाद्यांत सुरुवातीचा पल्ला वरखाली दोन अर्धस्वरांचा असतो, म्हणजे ४०९६ चा एक अर्धस्वर. पंचमावरून कोमल गंधारावर येणारी मींड चार अर्धस्वरांची आहे, ती या पल्ल्यात मुळातच मावत नाही. पल्ला बारा अर्धस्वरांचा केला तर एक अर्धस्वर सुमारे ६८३ चा होतो आणि चार अर्धस्वरांना −२७३१ पुरतात. पण वक्र बाराच्या हिशोबाने काढला आणि वाद्य दोनच्या पल्ल्यावर राहिले, तर तोच −२७३१ चा आकडा पंचमाला जेमतेम दोन तृतीयांश अर्धस्वर खाली नेतो आणि तिथेच लटकत ठेवतो. तेव्हा वाद्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पल्ला स्वतः वाचा आणि शक्य असेल तर बारा करा.

पल्ला वाढवल्याने सूक्ष्मता जाईल, अशी भीती काहींना वाटते. बाराच्या पल्ल्यातही एका सेंटला (अर्धस्वराच्या शंभराव्या भागाला) जवळपास सात आकडे मिळतात. तंबोऱ्यातून उमटणारा शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो, आणि तो बाराच्या पल्ल्यात −९३ च्या आसपास सहज लावता येतो. कानाला याहून बारीक फरक या कामात लागत नाही.

दुसरे कारण तुमच्या क्वांटाइझमधून आले आहे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये, मुद्दाम वेगळे सांगितले नाही तर, क्वांटाइझने सूर हलतात आणि खालचे पिच बेंड व कंट्रोलर (सस्टेन, एक्स्प्रेशन यांसारखे क्रमांक असलेले इव्हेंट) जागेवर राहतात. याचा परिणाम एका उदाहरणावर पाहू. कोमल गंधाराची नोट तुम्ही ग्रिडच्या ७० टिक आधी वाजवली होती. तिच्या आरंभी बेंड +२७३१ वर होता, त्यामुळे ऐकायला पंचम येत होता, आणि पुढच्या २४० टिकांत तो शून्यावर उतरून गंधार लागत होता. क्वांटाइझने नोट ७० टिक पुढे नेली. वक्र जुन्याच जागी सुरू झाला, म्हणजे नोट सुरू होईपर्यंत त्याचा २९ टक्के भाग सरून गेला. वक्र सरळ रेषेचा असेल तर नोट आता पंचमाऐवजी पंचमापासून सुमारे १.२ अर्धस्वर खाली, म्हणजे तीव्र मध्यमाच्या जरा खाली सुरू होते. भीमपलासात तीव्र मध्यम नाहीच. म्हणून तुम्हाला तो सूर नुसता चुकलेला वाटला नाही, 'रागाबाहेरचा' वाटला; तुमचा कान अगदी बरोबर सांगत होता.

मींड लिहिण्याच्या दोन पद्धती मी वापरतो. बासरीवाला पंचमावर थांबून, त्याच श्वासात गंधारावर उतरत असेल, तर नोट पंचमाचीच ठेवावी, ती गंधार संपेपर्यंत लांबवावी आणि बेंड शून्यावरून −२७३१ वर न्यावा. मध्ये नवी नोट आली तर नवी फुंकर ऐकू येते आणि मींड तुटते. याउलट पंचमाचा नुसता स्पर्श होऊन सूर गंधारावर विसावत असेल, तर नोट गंधाराची लिहावी, तिच्या आरंभी बेंड +२७३१ ठेवावा आणि तो शून्यावर आणावा. दुसरी पद्धत मला अधिक आवडते, कारण विसाव्याच्या वेळी बेंड शून्यावर असतो आणि पुढचे सूर आपोआप खरे लागतात. मात्र चार-पाच अर्धस्वरांपलीकडे वाकवलेले सॅम्पल आपला पोत गमावते, त्यामुळे त्याहून मोठ्या मींडेसाठी लायब्ररीतले लेगॅटो किंवा खरा वादक शोधावा.

पहिल्या पद्धतीत एक काळजी घ्यावी लागते. मींड संपून पुढचा सूर सुरू होण्यापूर्वी बेंड शून्यावर आणावाच लागतो, पण नोट ऑफ झाल्यावरही सॅम्पलचा शेपटासारखा उरलेला आवाज काही काळ त्याच चॅनेलवर वाजत असतो. त्या शेपटालाही बेंडचा झटका बसतो आणि गंधाराच्या शेवटी पंचमाची चुटपुटती किंकाळी ऐकू येते. वाद्य मोनोफोनिक करणे, रिलीज (सूर सोडल्यावर तो विरण्याचा काळ) कमी करणे किंवा पुढचा सूर दुसऱ्या चॅनेलवर टाकणे हे उपाय आहेत. बासरीसाठी मी पहिला निवडतो. बेंडचे शून्य नव्या नोटच्या पाच-सहा टिक आधी ठेवावे. दोन्ही एकाच टिकवर ठेवले तर त्यांचा क्रम कोणता राहील याचा भरवसा नसतो. वक्राचा आकारही पाहावा. खरी मींड सूर सोडताना आणि सुराला पोहोचताना रेंगाळते, मधले अंतर पटकन कापते. रीपरच्या सहाव्या आवृत्तीपासून कंट्रोलरच्या दोन बिंदूंमध्ये सावकाश आरंभ-शेवटाचा आकार निवडता येतो, तो इथे सरळ रेषेपेक्षा कितीतरी चांगला लागतो.

मधूनच प्ले केल्यावर ओळ उतरलेली का वाटते, हे आता सहज लक्षात येईल. कुठल्या तरी मींडेनंतरचे शून्य पुसले गेले आहे, किंवा तुम्ही मींडेच्या मध्येच थांबलात आणि वाद्याने शेवटचा बेंड धरून ठेवला. उपाय दोन. मिडी आयटमच्या (ट्रॅकवरच्या मिडी तुकड्याच्या) अगदी आरंभी पिच बेंड शून्य, सस्टेन शून्य आणि एक्स्प्रेशनचे तुम्हाला हवे ते सुरुवातीचे मूल्य लिहून टाका. आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये चेज नावाची जी सोय असते, ती कंट्रोलर आणि पिच बेंडसाठी चालू ठेवा. तिच्यामुळे मधून प्ले करताना आधीच्या इव्हेंटांची शेवटची मूल्ये शोधून वाद्याला पाठवली जातात. प्ले किंवा स्टॉपच्या वेळी पिच आणि सस्टेन पूर्ववत करण्याचा पर्यायही रीपरमध्ये आहे.

न थांबणाऱ्या सुरासाठी पियानो रोलपेक्षा इव्हेंट लिस्ट उघडा, कारण दोष रोलमध्ये दिसत नाही. आधी कंट्रोलर ६४ म्हणजे सस्टेन पेडल शोधा. ६४ किंवा त्याहून मोठे मूल्य म्हणजे पेडल दाबलेले. आयटम कापताना पेडल दाबल्याचा इव्हेंट राहिला आणि सोडल्याचा कापलेल्या भागात गेला, तर पुढचे सगळे सूर लटकतात. बासरीच्या ट्रॅकवर पेडलचे काहीच काम नाही. तिथले सगळे कंट्रोलर ६४ खुशाल पुसा. पेडल सापडले नाही, तर एकाच सुराच्या दोन नोट एकमेकींवर चढल्या आहेत का ते पाहा. क्वांटाइझनंतर हे हमखास होते. पहिल्या नोटचा शेवट दुसरीला मध्येच तोडतो, किंवा काही वाद्यांत एक नोट ऑफ कमी पडल्यासारखा होऊन सूर चालूच राहतो. रीपरमध्ये एकमेकींवर आलेल्या नोट आपोआप दुरुस्त करण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. तो एकाच सुराच्या नोटींपुरता आहे हे बरेच आहे, कारण वेगवेगळ्या सुरांचे थोडेसे ओव्हरलॅप लेगॅटो लायब्ररीला लागतातच. ते काढले की प्रत्येक सूर नव्या फुंकरीने सुरू होतो आणि तुकडा तुकड्यातुकड्यांचा वाटू लागतो. नोटची लांबी क्वांटाइझ करू नका, असे मी म्हणतो ते याच कारणासाठी.

श्वासाबद्दल थोडे. बासरीत वेलॉसिटी बहुधा फक्त आरंभाचा आघात ठरवते. सुराचे भरणे आणि ओसरणे कंट्रोलर ११ म्हणजे एक्स्प्रेशनने किंवा कंट्रोलर १ म्हणजे मॉड्युलेशनने होते, लायब्ररी कोणता मानते ते पाहा. सूर हलवून झाल्यावर ही रेघ नव्याने, एका दमात, फेडरने वाजवून रेकॉर्ड करावी, असे मी सुचवेन. माउसने ठिपके जुळवण्यापेक्षा ते लवकर होते आणि श्वास कुठे संपतो हे हाताला कळते.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी पेडल आणि चढलेल्या नोट साफ करणे, मग अख्ख्या ट्रॅकचा सरसकट उशीर, मग कणांचे गट, मग उरलेल्या सुरांचे अर्ध्या ताकदीचे क्वांटाइझ, त्यानंतर मींडा आणि शेवटी श्वास. मींडा आधी काढून मग वेळा जुळवल्या तर मींडा पुन्हा काढाव्या लागतात.

गायकासाठी पट्टी बदलायची वेळ आली, समजा काळी चारवरून काळी पाच, तर सगळे सूर दोन अर्धस्वर वर नेताना खालच्या सप्तकातले कीस्विच निवडीत घेऊ नका. ते सूर नसून वादनप्रकार बदलणाऱ्या खुणा आहेत; तेही वर सरकले तर बासरी अचानक वेगळ्याच प्रकारे वाजू लागते.

दुसऱ्या स्टुडिओला फाइल पाठवताना लक्षात घ्या, की मिडी फाइलमधून तुमची बासरी जात नाही, फक्त इव्हेंट जातात. तुमचा बाराचा पल्ला त्यांच्या वाद्याला माहीत नसतो. आयटमच्या आरंभी कंट्रोलर १०१ आणि १०० यांना शून्य, आणि कंट्रोलर ६ ला १२ असे तीन इव्हेंट या क्रमाने लिहिले, तर जी वाद्ये हा संदेश मानतात ती आपला पल्ला बारा करून घेतात. सगळी सॉफ्टवेअर वाद्ये तो मानत नाहीत, म्हणून फाइलच्या नावातच पल्ला आणि लय लिहा: 'बासरी, बेंड १२, लय ८०' एवढे पुरते. कीस्विच असतील तर ते काढून टाकलेली दुसरी प्रतही द्या. आणि मिडीबरोबर तुमच्या वाद्याने वाजवलेला ऑडिओ, आयटमच्या त्याच आरंभबिंदूपासून काढून पाठवा, म्हणजे त्यांच्याकडे एखादी मींड वेगळी लागली तर मूळ कशी होती ते त्यांना कोणाला न विचारता ऐकता येईल.

हे करूनही गंधार अवघड वाटत असेल, तर लायब्ररीचे नाव, ती मोनोफोनिक चालते का, आणि बेंडचा पल्ला किती दिसतो, एवढे तीन तपशील इथे लिहा. त्यावरून त्या एका ओळीचे इव्हेंट मी टिकांनिशी मांडून देईन.